फॉरमॅट मारण्याआधी: कॉम्प्युटर क्षणभर का अडकतो?

माउसचा बाण थबकतो, गाणं एकाच सुरावर घरघरतं, टाइप केलेली अक्षरं दोन सेकंदांनी एकदम उमटतात आणि मग सगळं सुरळीत. परभणी असो की अंबाजोगाई, अशा पीसीसाठी पहिला सल्ला ठरलेला असतो: फॉरमॅट मारा. हा सल्ला सगळ्यात शेवटी ठेवा, असं माझं ठाम मत आहे. पीसी असा अडकतो तेव्हा त्यातला एक भाग बहुतेक वेळा दुसऱ्या भागाच्या उत्तरासाठी खोळंबलेला असतो. तो भाग कोणता, हे आधी शोधायला हवं.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल, त्यातलं परफॉर्मन्सचं पान उघडं ठेवून नेहमीचं काम करत राहा. पीसी अडकला त्या क्षणी डिस्क १०० टक्क्यांवर आणि वाचण्या-लिहिण्याचा वेग मात्र शून्याच्या आसपास, असं दिसलं तर संशय थेट हार्ड डिस्कवर घ्यावा.

जुन्या हार्ड डिस्कमधली तबकडी बहुधा मिनिटाला ७,२०० वेळा फिरते, म्हणजे एका फेरीला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. वाचणारं हेड योग्य जागी सरकायला साधारण तेवढाच वेळ घेतं. त्यामुळे विखुरलेली माहिती वाचायची असेल तर सेकंदाला शंभराच्या आसपासच मागण्या पूर्ण होतात. एसएसडी म्हणजे चिपवर माहिती साठवणारी डिस्क. तिच्यात फिरणारं काहीच नाही, तिथे हे काम बहुधा मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत उरकतं. खरी अडचण येते ती बॅड सेक्टर, म्हणजे तबकडीवरचा खराब झालेला कप्पा, लागल्यावर. डिस्क लगेच हात वर करत नाही. तीच जागा ती पुन्हा पुन्हा वाचून बघते, कधी कधी कित्येक सेकंद, आणि तोवर ती माहिती मागणारा प्रोग्रॅम ताटकळतो.

क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर डिस्कची तब्येत दाखवतं. त्यात ०५, सी५ आणि सी७ या तीन ओळी बघा. ०५ म्हणजे बदलून टाकलेले सेक्टर, सी५ म्हणजे वाचता न आलेले, निर्णयाची वाट बघणारे सेक्टर, आणि सी७ म्हणजे केबलमधून जाताना माहितीत झालेल्या चुका. सी५ शून्य नसेल तर दुसरं काही करण्याआधी फोटो, मुलांची सर्टिफिकेटं, सातबाऱ्याच्या पीडीएफ दुसरीकडे कॉपी करून घ्या. डिस्क लिहीत असतानाच लाईट गेली तर सेक्टर अर्धवट राहूनही हा आकडा वाढतो, आणि आपल्याकडे लाईट सांगून जात नाही. अशा सेक्टरवर पुन्हा लिहिलं की तो सुधारतो, म्हणून फॉरमॅटनंतर काही दिवस बरे जातात. डिस्कच झिजली असेल तर दुखणं परत येतं. सी७ वाढत असेल तर मात्र डिस्क बहुधा ठीक असते, तिला मदरबोर्डशी जोडणारी साटा केबल बदलून बघा. हा आकडा पुन्हा शून्यावर येत नाही. केबल बदलल्यावर तो वाढायचा थांबला का, एवढंच बघायचं.

डिस्क ठणठणीत निघाली आणि पीसी दुपारीच अडकत असेल, तर उष्णतेकडे वळा. प्रोसेसर खोलीच्या तापमानापेक्षा ठरावीक अंशांनी जास्त तापतो. २५ अंशांच्या खोलीत तो ८० वर जात असेल, तर मे महिन्यात ४२ अंशांच्या नांदेडात तेच काम त्याला ९७ च्या घरात नेतं. बऱ्याच प्रोसेसरांची मर्यादा ९५ ते १०० अंश असते. ती गाठली की जळू नये म्हणून तो स्वतःच वेग उतरवतो आणि गेम किंवा व्हिडिओ अडखळतो. त्यात प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या हीटसिंकच्या पात्यांमध्ये उन्हाळ्याची बारीक धूळ दाटून बसलेली असते. प्लग काढा, पंखा बोटाने धरून ठेवा आणि मग ब्लोअर मारा. मोकळा पंखा झोताने भन्नाट फिरला तर त्याचं बेअरिंग खराब होऊ शकतं. प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधली पेस्ट वाळली असेल तर तीही नवी लावावी. कॅबिनेट कूलरच्या थेट झोतात ठेवू नका, ओलसर हवेत धूळ चिकटून बसते.

रॅम ४ जीबी असेल आणि क्रोमच्या टॅबची रांग लागली असेल, तर विंडोज रॅममधलं काही सामान डिस्कवर हलवतं, आणि ते परत आणेपर्यंत पीसी थबकतो. तिथे रॅम वाढवणं हा खरा उपाय. फक्त आवाज तुटत असेल तर वाय-फाय किंवा साउंडच्या ड्रायव्हरवर, म्हणजे तो भाग चालवणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरवर, शंका घ्या. लेटन्सीमॉन हे सॉफ्टवेअर चालवून ठेवलं तर दोषी ड्रायव्हरचं नाव समजू शकतं.

काही दोष फॉरमॅटच्या आवाक्यातलेच नसतात. रायझन प्रोसेसरचे काही पीसी अधूनमधून अडखळतात, हे तो प्रोसेसर बनवणाऱ्या एएमडीने मार्च २०२२ मध्ये मान्य केलं. प्रोसेसरमधली टीपीएम ही सुरक्षा यंत्रणा मदरबोर्डवरच्या फ्लॅश चिपशी लांबलचक देवाणघेवाण करायची आणि तेवढा वेळ सगळं थांबायचं. त्यावरचा इलाज बायोसच्या, म्हणजे पीसी सुरू करणाऱ्या मदरबोर्डवरच्या सॉफ्टवेअरच्या, अपडेटमध्ये आला. तुमच्याकडे त्या काळातला रायझन असेल तर मदरबोर्ड कंपनीच्या साइटवरून नवं बायोस घ्या. डिस्कवरची माहिती कुलूपबंद ठेवणारं विंडोजचं बिटलॉकर चालू असेल तर आधी ते थांबवा आणि त्याची रिकव्हरी की लिहून ठेवा. अपडेट यूपीएसवरच करा, कारण मध्येच लाईट गेली तर मदरबोर्ड सुरूच होणार नाही अशी वेळ येऊ शकते.