वेणुग्रामाचे दोन दगड

बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीत, म्हणजे तिथल्या जुन्या जैन मंदिरात, गेलात तर मंडपाच्या मधोमध थांबून मान वर करा. छताला उलटं लोंबणारं दगडी कमळ दिसेल. इथे राज्य करणाऱ्या रट्ट घराण्यातला राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बीचिराज याने १२०४ साली हे जिनालय उभारलं. आतली नेमिनाथाची काळी मूर्ती अजून पूजेत आहे. हे सगळं जागच्या जागी आहे. ज्या शिलालेखांमुळे आपल्याला हे कळलं, ते दोन दगड मात्र लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

त्यांतला मजकूर म्हणजे त्या काळच्या बेळगावचा बाजारच. राजाने 'रट्ट जिनालया'ला जमीन दिली, व्यापाऱ्यांनी आपल्या मालावरचे लाग, म्हणजे ठरावीक देणं, बांधून दिले. त्यांत लाट देशाचे, म्हणजे गुजरातकडचे व्यापारी होते, आणि थेट मलयाळ देशातून आलेलेही. रट्टांची राजधानी सौंदत्तीहून वेणुग्रामात आली होती. वेणुग्राम म्हणजे आपलं वेळुग्राम, बेळगाव. आठशे वर्षांपूर्वी इथे गुजराती आणि मल्याळी माणूस व्यापाराला येऊन देवाला दान देत होता, हे वाचताना ऊर भरून येतो. लेख कन्नडचा, वाचणारा मी मराठी, गाव दोघांचंही.

आपल्या वस्तू अशा पांगल्या, याचं एक कारण सरळ आहे. १९५६ पर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यात होता. कोरीव लेखांचा अभ्यास करणारे सरकारी अधिकारी आणि विद्वान बाहेरचे, त्यांची कचेरी बाहेर, मग सापडलेली वस्तूही बाहेर. खानापूर तालुक्यातल्या हलशीचे कदंब या प्राचीन राजघराण्याचे ताम्रपट वाचले ते मुंबई इलाख्यातल्या फ्लीट या अधिकाऱ्याने. त्यांतला एक कदंब राजा काकुस्थवर्म्याचा आहे. आपला जीव वाचवणाऱ्या श्रुतकीर्ती सेनापतीला त्याने शेत दिलं, त्याचा तो कागद. हलशी तेव्हा पलाशिका होती, कदंबांची दुसरी राजधानी.

पुढे १९३९ मध्ये धारवाडला कन्नड संशोधन संस्था निघाली. बेळगावातल्याच वडगाव-माधवपूरला जमिनीखालून विटांच्या भिंतींचं सातवाहनकालीन शहर निघालं, ते खोदलं धारवाडच्याच अभ्यासकांनी. आज त्याच वडगावात मागांची खडखड चालते, आणि आपण कशावरून चालतो याचा पत्ता बहुतेकांना नसतो.

कोल्हापूरकरांनी हे वेगळ्या तऱ्हेने केलं, म्हणून त्यांचा हेवा वाटतो. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ मध्ये उत्खनन झालं आणि तिथल्या वस्तूंसाठी गावातच संग्रहालय उभं राहिलं. पुढे ते टाउन हॉलमध्ये आलं. आपल्याकडची माणसं अंबाबाईला जातात, तेव्हा तिथली पोसायडनची छोटीशी काशाची मूर्ती पाहून यावी. समुद्रदेव तो, ग्रीकांचा, आणि सापडला घाटमाथ्यावर! त्याच ब्रह्मपुरीने तो दिला, म्हणून तो ब्रह्मपुरीशेजारीच कळतो.

बेळगावचे दगड परत येतील न येतील. पण त्यांचे ठसे तरी काढून आणावेत, कमल बस्तीच्या आवारात लावावेत, आणि खाली कन्नड व मराठी दोन्हींत वाचन द्यावं. किल्ल्यात सहलीला आलेल्या पोरांना तो लाट देशाचा व्यापारी तिथेच, त्याच कमळाखाली भेटायला हवा.