अपत्याची पोटगी

आईवडील घटस्फोटित वा विभक्त असताना, अपत्याचा ताबा ज्याच्याकडे नाही अशा पालकाने त्याच्या पालनपोषणासाठी द्यावयाची रक्कम. भारतात ती बहुधा वडिलांनी आईकडे दरमहा भरावयाची असते. हक्क मात्र अपत्याचा. आई ती त्याच्या वतीने घेते. त्यामुळे परस्पर संमतीच्या घटस्फोटात आईने स्वतःची पोटगी सोडली, तरी मुलाची सोडून देण्याचा अधिकार तिला पोहोचत नाही, अशीच न्यायालयांची सर्वसाधारण भूमिका आहे. व्यवहारात याचा फार विसर पडतो.

‘पोटगी’ हा शब्द ‘पोट’ यावरून आला हे उघड आहे. ‘-गी’ हा प्रत्यय ‘बंदगी’, ‘परवानगी’ अशा फार्सी वळणाच्या शब्दांवरून आला असावा. कायद्यांच्या मराठी अनुवादांत ‘निर्वाह’ हा शब्द वापरतात, पण कोर्टाच्या आवारात पोटगीच म्हणतात. अर्थ मात्र पोटापुरता नाही. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ च्या व्याख्येत अन्न, वस्त्र, निवारा, शिक्षण आणि औषधोपचार येतात. अविवाहित मुलीच्या बाबतीत लग्नाचा वाजवी खर्चही येतो.

पोटगी मागण्याचे मार्ग अनेक आहेत. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ चे कलम २६, विशेष विवाह अधिनियम, १९५४ चे कलम ३८, १९५६ च्या वरील अधिनियमाचे कलम २० आणि धर्म न पाहता सर्वांना लागू असणारे फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५ (१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४) हे त्यांतील प्रमुख. मुस्लिम घटस्फोटितांसाठीच्या १९८६ च्या कायद्यात मुलांसाठी जन्मापासून दोन वर्षांची तरतूद आहे. तिच्यामुळे मुलांचा कलम १२५ खालील स्वतंत्र हक्क बाधित होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये स्पष्ट केले.

कमाल मर्यादेचा इतिहास : कलम १२५ च्या जागी पूर्वी असलेल्या, १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४८८ मध्ये महिना ५० रुपयांची मर्यादा होती. ती पुढे १०० आणि १९५५ च्या दुरुस्तीने ५०० रुपये झाली. मजकुरात ‘एकूण’ या अर्थाचा शब्द असल्याने वाद उपस्थित झाला : आई आणि सर्व मुले मिळून ५००, की प्रत्येकी ५००? १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्या. कृष्ण अय्यर यांनी दुसरा अर्थ ग्राह्य धरला. ‘एकूण’ म्हणजे एका व्यक्तीच्या अन्न, वस्त्र, निवारा इत्यादी सर्व बाबी मिळून. कुटुंबातील सर्व माणसे मिळून नव्हे. हाच अर्थ कलमाच्या हेतूशी जुळतो. तरीही ५०० चा आकडा महागाई वाढत असताना तसाच राहिला. महाराष्ट्राने १९९९ मध्ये राज्यापुरती दुरुस्ती करून तो १,५०० वर नेला आणि अंतरिम (अर्जाचा निकाल लागेपर्यंतच्या) पोटगीची तरतूदही केली. केंद्राने २००१ मध्ये मर्यादाच काढून टाकली.

रक्कम ठरविण्याची रीत : भारतात कोणताही तक्ता नाही. ब्रिटिश काळातील सर्वोच्च अपील न्यायालय असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने १९२९ मध्ये एका हिंदू विधवेच्या निर्वाहाच्या प्रकरणात मालमत्ता, राहणीमान, गरजा आणि पुढे संभवणारे बदल हे सारे एकत्र पाहण्याचे सूत्र सांगितले. आजचे निकाल त्याच वळणाने जातात. अपूर्णांक मात्र वारंवार डोकावतात. भारतीय घटस्फोट अधिनियम, १८६९ मध्ये दाव्यादरम्यानची पत्नीची पोटगी पतीच्या निव्वळ उत्पन्नाच्या एक-पंचमांशाहून अधिक नसावी, अशी अट होती. ती २००१ मध्ये गेली. सर्वोच्च न्यायालयाने १९७० च्या निकालाचा आधार घेऊन २०१७ मध्ये निव्वळ पगाराच्या २५ टक्के रक्कम न्याय्य ठरवली. हा टक्का आता नियमासारखा सांगितला जातो, पण ते योग्य वाटत नाही. निकालातील त्या वाक्यात उल्लेख पत्नीच्या पोटगीचा आहे. मुलांची संख्या, वय, शाळा यांचा त्यात हिशेब नाही.

त्या मानाने दिल्ली उच्च न्यायालयाने २००४ मध्ये सुचवलेली वाटणी मुलांना अधिक न्याय देते. कुटुंबाचे उत्पन्न हा एक केक मानायचा; कमावत्या पतीला दोन वाटे, बाकी प्रत्येकाला एक. कपातीनंतर हातात ६०,००० रुपये येत असतील आणि पत्नी व दोन मुले असतील, तर पाच वाटे होतात : पतीला २४,०००, बाकीच्यांना प्रत्येकी १२,०००. एकच मूल असल्यास चार वाटे होऊन मुलाचा वाटा १५,००० होतो. ही रीतही मार्गदर्शक आहे, बंधनकारक नाही.

‘निव्वळ’ म्हणजे काय, यावर बरीच खेचाखेची होते. प्राप्तिकर आणि सक्तीचा भविष्यनिर्वाह निधी वजा होतो. स्वेच्छेने वाढवलेली वर्गणी किंवा गाडीच्या कर्जाचा हप्ता दाखवून पगार लहान करण्याचा प्रयत्न न्यायालये सहसा मान्य करीत नाहीत.

उत्पन्न लपविण्याला आळा घालण्यासाठी ‘रजनेश वि. नेहा’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी दोन्ही पक्षांना मालमत्ता व दायित्वांचे प्रतिज्ञापत्र बंधनकारक केले. शेतकऱ्यांसाठी नमुना वेगळा आहे. महाराष्ट्रात अशा वेळी सातबारा महत्त्वाचा पुरावा ठरतो. शिकवणी आणि छंदवर्गांचा खर्च वाजवी प्रमाणात धरावा, आणि आई पुरेसे कमावत असल्यास शिक्षणाचा खर्च दोघांत उत्पन्नाच्या प्रमाणात वाटता येतो, असेही त्या निकालात म्हटले आहे. म्हणून शाळेची फी, व्हॅनचे भाडे, वह्यापुस्तके, दवाखाना यांच्या पावत्या जपलेल्या असल्या की अर्जाला वजन येते.

कोणत्या तारखेपासून : संहितेत ‘हुकमाच्या तारखेपासून, किंवा तसा हुकूम असल्यास अर्जाच्या तारखेपासून’ असा पर्याय होता. उच्च न्यायालयांची मते तीन दिशांना गेली : अर्जाची तारीख, हुकमाची तारीख, समन्स बजावल्याची तारीख. २०२० च्या ‘रजनेश वि. नेहा’ निकालाने अर्जाची तारीख निश्चित केली. हे प्रकरण मूळ नागपूरच्या कुटुंब न्यायालयातले. तेथील २४ ऑगस्ट २०१५ च्या हुकमात मुलाला १ सप्टेंबर २०१३ पासून ३१ ऑगस्ट २०१५ पर्यंत दरमहा ५,००० आणि पुढे १०,००० रुपये मंजूर झाले होते. म्हणजे मागील २४ महिन्यांचे १,२०,००० रुपये केवळ आरंभाच्या तारखेवर अवलंबून होते. सुनावणी लांबली म्हणून मुलाने तेवढे महिने उपाशी राहावे, असा अर्थ कोणत्याही कायद्याचा असू शकत नाही.

मुदत व वसुली : हक्क साधारणतः १८ वर्षांपर्यंत असतो, शारीरिक वा मानसिक अक्षमता असल्यास पुढेही चालतो. अविवाहित हिंदू मुलीला १९५६ च्या अधिनियमाखाली त्यानंतरही मागता येते. रक्कम थकल्यास वॉरंट निघते आणि प्रत्येक महिन्याच्या थकबाकीसाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. कैद भोगली तरी देणे फिटत नाही. या मार्गाने वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो.

अन्यत्र : गोव्यात १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता आणि १९१० चा घटस्फोटाचा कायदा लागू आहे. परदेशांत तक्ते रूढ आहेत. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात एका अपत्यासाठी उत्पन्नाच्या १७ टक्के, दोघांसाठी २५ आणि तिघांसाठी २९ टक्के हा मूळ दर आहे. जर्मनीत १९६२ पासून ड्युसेलडॉर्फ तक्ता वापरतात. त्यात पोटगी देणाऱ्या पालकाच्या उत्पन्नाबरोबर मुलाच्या वयाचे गटही धरलेले असतात.