आजोबांची रायफल दुरुस्तीला देण्याआधी: वारसा परवाना आणि त्याची कागदपत्रे

माळ्यावरून उतरवलेल्या रायफलीची गंजलेली नळी आणि तडकलेला दस्ता पाहिला की घरच्यांना आधी कारागीर आठवतो, परवान्याची आठवण फार उशिरा होते. परवानाधारक वारल्यावर ती बाळगण्याचा हक्क वारसाकडे आपोआप येत नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम २१ नुसार ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावी लागते. जमा केल्याची पावती जपून ठेवावी, कारण ठरलेल्या मुदतीत परवाना मिळवून ती परत घेतली नाही किंवा विकली नाही, तर ती सरकारजमा होऊ शकते.

अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे, आणि पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत आयुक्तांकडे करावा. अर्जदाराचे वय २१ पूर्ण हवे. मूळ परवानाधारक हयात असतील, तर त्यांनी वयाची ७० वर्षे पूर्ण केल्यावर किंवा शस्त्र २५ वर्षे बाळगल्यावर ते आपल्या वारसाचे नाव सुचवू शकतात, ही शस्त्र नियम, २०१६ मधील तरतूद अनेकांना ठाऊकच नसते. ओळख, पत्ता आणि वैद्यकीय दाखला ही कागदपत्रे सहज जमतात. अडते ते इतर वारसांच्या संमतीपाशी. परगावी राहणाऱ्या एका भावाची किंवा लग्न होऊन गेलेल्या आत्याची सही राहून जाते आणि प्रकरण महिनोन्महिने पडून राहते. ही त्रुटी कार्यालयाने पहिल्याच दिवशी सांगायला हवी, पण ती शेवटी सांगितली जाते, म्हणून प्रतिज्ञापत्रे आधीच गोळा करावीत. अर्जदाराकडे आधीची दोन शस्त्रे असतील तर वारशाचीही सवलत मिळत नाही, कारण २०१९ च्या कायदादुरुस्तीने कमाल मर्यादा तीनवरून दोनवर आणली आहे.

एक गैरसमज याहून जास्त धोक्याचा आहे. ‘जुनी, बंद पडलेली बंदूक आहे, तिला परवाना कशाला?’ असे लोक खात्रीने सांगतात. शस्त्र अधिनियमाच्या कलम ४५ मधील सूट फक्त अशा शस्त्राला आहे, जे दुरुस्त करूनही चालणार नाही. जी रायफल दुरुस्त होऊ शकते, तिला ही सूट नाही, आणि आपला हेतू तर तिला दुरुस्त करण्याचाच असतो.

परवाना हाती आल्यानंतरही ती गावातल्या लोहाराकडे देऊ नये. शस्त्रदुरुस्तीलाही स्वतंत्र परवाना लागतो आणि विनापरवाना दुरुस्तीला किमान सात वर्षांची शिक्षा आहे. परवानाधारक दुरुस्तीकाराकडे देताना नळीवरचा आणि खटक्याच्या भागावरचा क्रमांक भिंग लावून वाचावा, परवान्याशी एकेक अंक ताडून पाहावा आणि पॉलिश करताना तो घासला जाऊ नये, हे त्याला लेखी कळवावे. क्रमांक पुसणे हा कलम ८ खाली गुन्हा आहे, आणि गंज काढण्याच्या भरात तो अजाणतेपणी घडतो. रायफल परत घेताना हाच क्रमांक दुरुस्तीच्या पावतीवर लिहून घ्यावा.