स्ट्रेंजर्स ऑन अ ट्रेन (चित्रपट)

आल्फ्रेड हिचकॉक यांनी दिग्दर्शित केलेला अमेरिकन कृष्णधवल थरारपट. वॉर्नर ब्रदर्सने तो १९५१ मध्ये प्रदर्शित केला. पॅट्रिशिया हायस्मिथ यांच्या १९५० सालच्या याच नावाच्या पहिल्या कादंबरीवर तो बेतलेला आहे. पटकथेसाठी रेमंड चँडलर आणि चेंझी ऑर्मंड अशी दोन नावे झळकतात. प्रत्यक्षात चँडलर आणि हिचकॉक यांचे बिनसले आणि पटकथेचा बराचसा भाग ऑर्मंड यांनी नव्याने लिहिला. छायालेखक रॉबर्ट बर्क्स यांना या चित्रपटासाठी ऑस्करचे नामांकन मिळाले. पुढे हिचकॉक यांच्या बहुतेक गाजलेल्या चित्रपटांचा कॅमेरा बर्क्स यांच्याकडेच होता.

टेनिसपटू गाय हेन्सला (फार्ली ग्रेंजर) रेल्वेत ब्रूनो अँटनी (रॉबर्ट वॉकर) हा गळेपडू श्रीमंत तरुण भेटतो. गायला बायको मिरियमपासून सुटका हवी आहे, कारण त्याला एका सिनेटरच्या मुलीशी, अ‍ॅनशी लग्न करायचे आहे. ब्रूनोला बाप नकोसा झालेला. खुनांची अदलाबदल करू, असे ब्रूनो सुचवतो. मारणाऱ्याचा मेलेल्याशी संबंधच नसला तर पोलीस माग काढणार कसा? गाय हे हसण्यावारी नेतो आणि स्वतःचा लायटर डब्यातच विसरून उतरतो. ब्रूनो मिरियमला खरोखरच मारतो आणि आपली बाजू पुरी झाली, आता तुझी पाळी, म्हणून गायच्या मागे लागतो.

गायने खून केलेला नाही, पण तो नामानिराळाही राहू शकत नाही. मिरियमशी भांडण झाल्यावर तो फोनवर अ‍ॅनला, गाडीच्या खडखडाटावर आवाज चढवून सांगतो, की मिरियमचा गळा आवळावासा वाटतो. लगेच पडद्यावर येतात ते ब्रूनोचे हात. त्याची आई त्याची नखे नीटनेटकी करते आहे. इच्छा एकाची, हात दुसऱ्याचे. खुनाची बातमी घेऊन ब्रूनो रात्री गायच्या घरासमोर येतो तेव्हा तो लोखंडी गजांच्या फाटकाआड उभा असतो. पोलिसांची गाडी येताच गायही त्याच गजांमागे लपतो, आणि तू मला गुन्हेगारासारखे वागायला लावलेस, असे त्याला ऐकवतो. कादंबरीतला गाय वास्तुविशारद आहे आणि तो ब्रूनोच्या बापाला खरोखर मारतो. चित्रपटाने त्याला त्या पापातून सोडवले. त्यामुळे व्यक्तिरेखा जरा फिकी पडली, हे मान्य करावे लागते.

ब्रूनो मात्र पुरेपूर उतरला आहे. जत्रेत तो एका पोराचा फुगा सिगारेटने फोडतो. खून उरकून परतताना एका अंध माणसाला हात धरून रस्ता ओलांडून देतो. त्याची क्रूरता आणि अदब एकाच झऱ्यातून येतात. निरागस तरुणांच्या भूमिकांसाठी ओळखल्या जाणाऱ्या वॉकरने हे काम इतक्या सहजतेने केले, की त्याच्यापुढे नायक झाकोळतो. चित्रपट लागला त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, ३२व्या वर्षी वॉकरचे निधन झाले.

खुनाचा प्रसंग अभ्यासण्यासारखा आहे. जत्रेतल्या बोगद्यातून नावा जातात, ब्रूनोची सावली मिरियमच्या सावलीला गाठते, किंकाळी ऐकू येते. पण ती नुसती चेष्टामस्करी निघते. प्रेक्षक सैलावतो आणि मग बेटावर ब्रूनो गायचाच लायटर पेटवून तिचा चेहरा न्याहाळतो. प्रत्यक्ष गळा दाबणे दिसते ते गवतात पडलेल्या तिच्या चष्म्याच्या भिंगात, वेडेवाकडे होऊन, दूरच्या मेरी-गो-राउंडचे संगीत चालू असताना.

उत्तरार्धात तो लायटर बेटावर टाकून गायला अडकवायला ब्रूनो निघतो. इकडे गायला टेनिसचा सामना लवकर संपवायचा आहे. वाटेत लायटर गटाराच्या जाळीतून खाली पडतो. ब्रूनो हात आत घालतो, बोटे ताणतो, लायटर आणखी खाली घसरतो. खरे तर तो त्याच्या हाती लागू नये असेच आपल्याला वाटायला हवे. तरी त्या क्षणी प्रेक्षकही मनातून त्याच्या बोटांना जोर लावतो. गायवर आलेला दोष असा प्रेक्षकाच्याही अंगाला थोडा चिकटतो.

शेवटी पिसाटासारख्या फिरणाऱ्या मेरी-गो-राउंडखालून एक म्हातारा सरपटत जाऊन यंत्र थांबवतो. यात कॅमेऱ्याची हातचलाखी नाही. माणूस खरोखर खालून गेला. डोके जरा वर झाले असते तर जिवावर बेतले असते. असे धाडस पुन्हा करणार नाही, असे हिचकॉक यांनी नंतर सांगितले.