रेडीच्या दगडातला समुद्र

माझ्या टेबलावर सिंधुदुर्गातल्या रेडी गावचा एक दगड आहे. मुठीत मावेल एवढाच, पण उचलताना हात खाली ओढला जातो. अंगावर पट्टे आहेत: एक काळसर, पोलादी चमक असलेला, त्याला लागून पांढुरका गारेचा, म्हणजे गारगोटीचा, मग पुन्हा काळा. काही पट्टे बोटाच्या पेराएवढे जाड, काही कागदाइतके पातळ. काळा पट्टा फरशीच्या खरबरीत पाठीवर घासला की रेघ मात्र काळी उमटत नाही, लाल उमटते. तुळशीवृंदावनाला लावतात त्या गेरूसारखी. तो गेरूच आहे. त्यातलं खनिज हेमेटाइट, म्हणजे लोखंड आणि ऑक्सिजन यांचं संयुग. साध्या भाषेत, गंज.

हा गंज अडीचशे कोटी वर्षांपूर्वीच्या एका समुद्राच्या तळाशी साचला.

कोकणचा दगड म्हटलं की आपल्याला काळा फत्तर आणि जांभा एवढेच आठवतात. काळा फत्तर हा लाव्हाचा, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. जांभा त्याहून लहान, पावसाने खडक कुजवून केलेला. पण लाव्हाचं पांघरूण दक्षिणेकडे विरत जातं. मालवण, कुडाळ, सावंतवाडी, वेंगुर्ल्याच्या बाजूला त्याच्याखालचे जुने खडक वर डोकावतात. कासार्ड्याची सिलिका वाळू ज्या वालुकाश्मातून निघते तो लाव्हाच्या कितीतरी आधीचा. आणि रेडीचे लोहखनिजाचे थर त्याहूनही जुने, गोव्यातल्या खाणींच्या थरांचे सख्खे भाऊबंद. भूवैज्ञानिक त्यांना धारवाड समूहात घालतात आणि ज्या काळात घालतात त्याला आर्कियन म्हणतात: ४०० कोटी ते २५० कोटी वर्षांपूर्वीचा काळ.

हे आकडे मनात बसत नाहीत, म्हणून कोकण रेल्वेवर मांडून पाहू. मंगळूरजवळच्या ठोकूरला पृथ्वी जन्मली आणि रोह्याला आजचा दिवस, अंतर सुमारे ७४० किलोमीटर. आर्कियन संपतो तेव्हा गाडी अजून गोव्यात आहे. सह्याद्रीचा लाव्हा वाहतो तो रोहा अवघा अकरा किलोमीटर उरल्यावर. माणूस नावाच्या प्राण्याची तीन लाख वर्षं शेवटच्या दोन डब्यांच्या लांबीत आटोपतात.

आर्कियन समुद्राच्या काठी आपण उभे राहू शकलो नसतो. हवेत ऑक्सिजन जवळजवळ नव्हताच. सूर्य आजच्यापेक्षा मंद होता. पाणी निळं नसून बहुधा हिरवट होतं, कारण त्यात लोखंड विरघळलेलं होतं. समुद्रतळावरच्या गरम झऱ्यांतून ते सतत येत राही. आजच्या समुद्रात हे अशक्य आहे, ऑक्सिजन लोखंडाला विरघळलेलं राहूच देत नाही. गावात बोअरिंग मारलेल्यांनी हे पाहिलेलं असतं. पाणी वर येतं तेव्हा काचेसारखं स्वच्छ, आणि बादलीत तासभर ठेवलं की पिवळट-तांबूस गाळ तळाला. जमिनीखाली ऑक्सिजन नाही म्हणून लोखंड विरघळलेलं, हवा लागली की गंजून खाली बसतं. रेडीचा काळा पट्टा हा तसाच गाळ, फक्त बादली अख्ख्या समुद्राएवढी.

पण हवेत ऑक्सिजन नसताना हा गंज चढला कसा? एक उत्तर असं की नीलहरित शैवाल, म्हणजे सायनोबॅक्टेरिया, तेव्हा उन्हाच्या जोरावर पाणी फोडून ऑक्सिजन सोडू लागले होते आणि तो बाहेर पडताच लोखंड त्याला धरून बसत होतं. दुसरं उत्तर, काही जिवाणू ऑक्सिजन न वापरता प्रकाशाच्या साह्याने थेट लोखंडच गंजवतात. असे जिवाणू आजही आहेत. मला हे दुसरं उत्तर निदान जुन्या थरांसाठी जास्त पटतं, कारण ग्रीनलंडमधल्या इसुआचे असेच पट्टेदार थर सुमारे ३७० कोटी वर्षांचे आहेत आणि हवेत ऑक्सिजन टिकू लागला तो २४० कोटी वर्षांच्या आसपास. मधलं अंतर फार मोठं आहे.

या पट्ट्यांनी आणखी एक गोष्ट जपून ठेवली आहे, आणि समुद्राकाठच्या माणसाला ती भावल्याशिवाय राहणार नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या २४६ कोटी वर्षांपूर्वीच्या अशाच थरांमधले जाड-बारीक होणारे पट्टे संशोधकांनी मोजले. पृथ्वीचा आस आणि तिची कक्षा ठरावीक काळाने डोलते, हवामान तसं बदलतं, आणि ती लय गाळात उतरते. त्यावरून २०२२ मध्ये हिशोब मांडला गेला: तेव्हाचा दिवस सुमारे १७ तासांचा होता आणि चंद्र आजच्यापेक्षा साठ हजार किलोमीटर जवळ. म्हणजे वर्षात ५२० च्या आसपास दिवस, आणि भरती ओढणारं चंद्राचं बळ आजच्या जवळजवळ पावणेदोन पट. उधाण-भांगाचा हिशोब तिथीवर ठेवणाऱ्या आपल्या मच्छीमारांना तिथीचं हे गणित पार नव्याने मांडावं लागलं असतं.

समुद्राने साचवलेल्या थरात लोखंड साधारण तिसरा हिस्सा असतं, बाकी बहुतेक गार. त्याचं श्रीमंत खनिज केलं ते इथल्या पावसाने. लाखो वर्षं पाणी झिरपत राहिलं, गार विरघळून गेली, लोखंड मागे उरलं. जहाजात भरून गेलं ते हे.

आर्कियन समुद्र मात्र पूर्ण गेलेला नाही, हे मला कुणग्यात, म्हणजे भाताच्या खाचरात, उभं राहिल्यावर कळलं. चिखलणी करून पाणी तुंबवलं की थोड्याच दिवसांत चिखलातला ऑक्सिजन संपतो. जांभ्याच्या लाल मातीतलं लोखंड पुन्हा विरघळू लागतं आणि चिखल आतून निळसर-करडा होतो. पाण्यावर नीलहरित शैवालाची साय धरते. तेच जुने जीव, जे आता हवेतला नायट्रोजन धरून भाताला फुकट खत देतात. पाऊस उघडून दुपारी ऊन पडलं की त्या सायीत बारीक बुडबुडे अडकलेले दिसतात. तो ऑक्सिजन.

भाद्रपदात भाताचा एक चूड उपटून मुळं पाण्यात हलकेच धुऊन पाहा. नवी मुळं पांढरी असतात, जुनी तांबूस. भात पानांतून घेतलेली हवा पोकळ देठांतून मुळांपर्यंत नेतो, मुळातून थोडा ऑक्सिजन चिखलात पाझरतो, आणि विरघळलेलं लोखंड तिथल्या तिथे गंजून मुळाला चिकटतं. ते मूळ फरशीवर घासण्याइतकं टणक नसतं. पण चिमटीत धरून चोळलं की बोटाला रंग लागतो, गेरूचा.