सूल स्केरीचा सिल्की: एका सीलगीताची पार्श्वभूमी

'सेल्टिक जलपरीगीतं' अशा नावाखाली सूल स्केरीच्या सिल्कीचं कथागीत हमखास ऐकायला मिळतं. खरं तर त्यात जलपरी नाही, आणि ते सेल्टिक, म्हणजे आयर्लंड-स्कॉटलंडच्या गेलिक परंपरेतलं, म्हणावं असंही फारसं नाही. सिल्की म्हणजे सील हा समुद्री प्राणी. हा सील पाण्यात सील असतो आणि जमिनीवर कातडं उतरवून माणूस होतो. सूल स्केरी हे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या ऑर्कनी बेटांच्या पश्चिमेला सुमारे 60 किलोमीटरवरचं खडकाळ बेट.

गीताचे शब्द छापले गेले 1850 च्या दशकात. कॅप्टन एफ. डब्ल्यू. एल. थॉमस यांनी ते ऑर्कनीच्याही उत्तरेच्या शेटलंड बेटांवरच्या स्नारा वो इथल्या एका वृद्धेकडून उतरवून घेतले होते. कडवी अवघी सात. तान्ह्याला जोजवणाऱ्या बाईला त्याचा बाप कोण हे ठाऊक नाही. तो सील तिच्या पलंगाच्या पायथ्याशी येऊन उभा राहतो, दूध पाजल्याचा मोबदला म्हणून सोन्याची थैली देतो आणि मुलाला लाटांत पोहायला शिकवायला घेऊन जातो. जाताना सांगतो, तू एका बंदूकवाल्याशी लग्न करशील आणि त्याच्या पहिल्याच गोळीने मुलगा आणि मी दोघेही मरू. लोककथांत सहसा उलटं घडतं: पुरुष सील-बाईचं कातडं लपवतो, ते सापडताच ती समुद्रात परत जाते. इथे मात्र सील बाप आहे, आणि सूत्रं त्याच्या हाती आहेत.

ऑर्कनी आणि शेटलंड ही बेटं शतकानुशतकं नॉर्वेच्या राजांची होती. डेन्मार्क-नॉर्वेचा राजा पहिला क्रिस्टियन याने मुलगी मार्गारेट हिच्या हुंड्यापोटी 1468 साली ऑर्कनी 50,000 ऱ्हेनिश फ्लोरिनला (सोन्याची नाणी) आणि 1469 साली शेटलंड 8,000 ला स्कॉटलंडकडे गहाण टाकलं. गहाण कधी सुटलंच नाही. नॉर्न ही तिथली नॉर्डिक भाषा मात्र लगेच संपली नाही. 1774 साली जॉर्ज लो याने शेटलंडमधल्या फूला बेटावर विल्यम हेन्रीकडून 'हिल्डिना' हे 35 कडव्यांचं नॉर्न कथागीत लिहून घेतलं. लो याला नॉर्न येत नव्हती, कानावर पडेल तसं तो लिहीत गेला, त्यामुळे पुढे अभ्यासकांना प्रत्येक ओळ सोडवत बसावं लागलं. त्यात सील नाहीत, पण नॉर्डिक कथागीत गाण्याची परंपरा या बेटांवर किती उशिरापर्यंत टिकून होती, याचा तो भक्कम पुरावा आहे. सिल्कीचं गीत स्कॉट्स बोलीत आहे खरं, पण त्याची माती ही.

चालीचा घोळ वेगळाच. आज मैफलींत बहुतेकदा ऐकू येणारी, अमेरिकन गायिका जोन बाएझने 1961 साली ध्वनिमुद्रित केलेली चाल जेम्स वॉटर्स यांनी 1954 साली बांधली. पारंपरिक चाल हवी असेल तर फिनलंडचे संगीतअभ्यासक ऑटो आंडर्सन यांनी 1938 साली ऑर्कनीतल्या फ्लॉटा बेटावर जॉन सिंक्लेअर यांच्याकडून टिपलेली घ्यावी.

'लेडी ओडिव्हेअर' हे याच कथेचं 90 हून जास्त कडव्यांचं ऑर्कनी रूप वॉल्टर ट्रेल डेनिसन यांनी 1894 साली छापलं. वाचायला ते फारच भरघोस आहे. पण तुकडे त्यांनी स्वतः जोडलेले असल्याने जुन्या समजुतीचा पुरावा म्हणून ते जपूनच वापरावं.