भांग, गांजा आणि हेंप सीड: महाराष्ट्रात कायदा काय सांगतो

महाशिवरात्र आणि होळी जवळ आली की आमच्या काष्ठौषधींच्या दुकानात एक विचारणा हमखास होते: "भांगेची पूड मिळेल का?" आमच्याकडे ती मिळत नाही, ओळखीवरही नाही. त्यामागचं कारण ग्राहकांना नीट कळावं म्हणून हे पत्रक.

गोंधळ सुरू होतो तो केंद्राच्या १९८५ च्या एनडीपीएस कायद्यापासून, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यापासून. त्यात चरस आणि गांजा येतात. पण गांजा म्हणजे झाडाचे फुलोरा किंवा फळं धरलेले शेंडे. शेंडे सोबत नसतील तर पानं आणि बिया त्या व्याख्येतून वगळल्या आहेत. भांग पानांची, म्हणून ती या कायद्यातून सुटते. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये एका जामीन अर्जावर असंच म्हटलं होतं. त्याच्या बातम्या दाखवून लोक आम्हाला सांगतात, "आता भांग कायदेशीर झाली." महाराष्ट्रापुरतं हे खरं नाही.

पानांचं काय करायचं, हे प्रत्येक राज्य ठरवतं. वाराणसीत किंवा जैसलमेरला भांगेची सरकारमान्य दुकानं दिसतात, ती तिथल्या राज्याच्या परवान्यावर चालतात. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे. नावात दारू असली तरी त्यातल्या मादक पदार्थांत भांगही धरलेली आहे. परवान्याशिवाय ती बनवणं, विकणं, बाळगणं, नेणं-आणणं आणि पिणंसुद्धा गुन्हा ठरतो. यात्रेहून आणलेली गोळी असो की कुरिअरने मागवलेली पुडी, बिल परराज्यातलं असलं तरी इथे कायदा इथलाच लागतो. शिवाय त्या पुडीत पानांबरोबर शेंडेही कुटलेले निघाले, तर प्रकरण थेट एनडीपीएसमध्ये जातं. कुटलेल्या पुडीकडे बघून हे सांगता येत नाही, आणि आम्हाला सगळ्यात जास्त काळजी याच गोष्टीची वाटते.

बियांचं मात्र वेगळं. खसखस अफूच्याच झाडाची, तरी ती आपण सर्रास वापरतो. हेंप सीडचं, म्हणजे भांगेच्याच झाडाच्या बियांचंही तसंच. एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, नोव्हेंबर २०२१ मध्ये हेंपचं बी, त्याचं तेल आणि पीठ यांना अन्न म्हणून मान्यता दिली. नशा आणणाऱ्या टीएचसीची मर्यादा बियांत किलोला ५ मिलिग्रॅम आणि तेलात १० मिलिग्रॅम आहे. घेताना पाकिटावर एफएसएसएआयचा परवाना क्रमांक आहे का ते पाहा. गांजाच्या पानाचं चित्र असलेलं किंवा नशा येते असं सुचवणारं पाकीट नियमात बसत नाही. ते घेऊ नका.

विजया (आयुर्वेदात भांगेचं नाव) घातलेली आयुर्वेदिक औषधं आम्ही ठेवत नाही. औषध नियमांच्या शेड्यूल ई-१ मध्ये, म्हणजे विषारी द्रव्यांच्या यादीत, बिया सोडून भांगेचा समावेश आहे. अशा औषधावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापावीच लागते. म्हणून आधी वैद्यांना भेटा. दुकानदाराच्या सल्ल्याने ती घेऊ नयेत, आमच्यासुद्धा.

आमच्या ठंडाई मसाल्यात बदाम, मगज, खसखस, बडीशेप, मिरी, वेलची, गुलाबपाकळ्या आणि केशर एवढंच असतं. मुलांना द्यायला हरकत नाही. दुसरीकडून घेतलेल्या मसाल्याबद्दल शंका असेल तर लेबलचा फोटो आणा, आम्ही वाचून सांगू. भांगेची पुडी मात्र दाखवायलाही दुकानात आणू नका.